पहिल्या लेन्सनंतरचा पहिला तास: बाळाची नजर कशी मोजली गेली

बाळ जन्मते तेव्हा त्याला अगदीच ढोबळ दिसते. पुढच्या सहा महिन्यांत ही नजर झपाट्याने सुधारते. नवजात बाळाला ज्या जाडीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या जेमतेम ओळखता येतात, त्याच्या पाचपट बारीक पट्ट्या सहा महिन्यांच्या बाळाला ओळखता येतात. हे नक्की कशामुळे घडते? वय वाढेल तसे डोळा आणि मेंदू आपोआप पक्व होतात म्हणून, की बाळ रोज पाहत असते म्हणून?

निरोगी बाळांची कितीही तपासणी केली तरी याचे उत्तर मिळत नाही. तीन महिन्यांच्या बाळाने तीन महिने पाहिलेलेही असते. वय आणि पाहण्याचा अनुभव यांची फारकत करायची तर जन्मापासून काहीच न पाहिलेले बाळ हवे, आणि कोणत्याही बाळाला मुद्दाम अंधारात ठेवता येत नाही. मांजराच्या पिल्लांचा एक डोळा शिवून डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी १९६० च्या दशकात असे प्रयोग केले, १९८१ चे नोबेल पारितोषिक त्यांना याच परंपरेतल्या कामासाठी मिळाले. माणसाच्या बाळाबाबत मात्र निसर्गानेच घडवलेली एक परिस्थिती हाताशी येते: जन्मजात मोतीबिंदू.

हे प्रकरण त्या परिस्थितीचे आहे. कॅनडातल्या हॅमिल्टन येथील मॅकमास्टर विद्यापीठातल्या डॅफ्नी मॉरर आणि टेरी लुइस यांनी टोरोंटोच्या मुलांच्या रुग्णालयातले नेत्रतज्ज्ञ हेन्री ब्रेंट आणि अ‍ॅलेक्स लेविन यांच्यासोबत २८ बाळांची नजर मोजली. निष्कर्ष १९९९ मध्ये ‘सायन्स’मध्ये छापून आले. ही बाळे एका किंवा दोन्ही डोळ्यांत दाट मोतीबिंदू घेऊन जन्मली होती, आणि उपचार झाले तेव्हा त्यांचे वय एक आठवड्यापासून नऊ महिन्यांपर्यंत होते. अभ्यासाची सगळी ताकद वयांच्या या फरकात आहे. नऊ महिन्यांच्या बाळाचे वय नऊ महिने, पण आकृती पाहण्याचा अनुभव शून्य.

मोजायचे नेमके काय

दाट मोतीबिंदूतून उजेड आत जातो, आकृती जात नाही. तेलकट कागद चिकटवलेल्या खिडकीतून दिवस-रात्र कळावी, पण अंगणात कोण उभे आहे ते कळू नये, तसे. शस्त्रक्रियेत गढूळ भिंग काढून टाकतात. मात्र तेवढ्याने बाळाला स्पष्ट दिसू लागत नाही. डोळ्यातले नैसर्गिक भिंगच गेल्यामुळे सगळे प्रचंड पुसट असते. त्या जागी लागते कॉन्टॅक्ट लेन्स, तान्ह्या बाळाला साधारण अधिक ३० डायऑप्टरच्या (भिंगाच्या ताकदीचे एकक, चष्म्याचा ‘नंबर’) आसपासची. एवढ्या ताकदीची लेन्स मोठ्यांच्या डोळ्यांत सहसा दिसत नाही. तान्ह्या बाळाचा डोळा आखूड असतो म्हणून इतकी लागते. म्हणून या अभ्यासात घड्याळ शस्त्रक्रियेपासून नव्हे, तर बाळाच्या दृष्टिपटलावर, म्हणजे डोळ्याच्या मागच्या प्रकाशग्राही पडद्यावर, पहिली स्पष्ट आकृती पडली त्या क्षणापासून धरावे लागते.

नजर मोजण्याचे एकक समजून घ्यायला हवे, नाहीतर पुढचे आकडे कोरडे वाटतील. एक काळी आणि एक पांढरी पट्टी मिळून एक जोडी. डोळ्यापाशी एक अंशाच्या कोनात किती जोड्या मावतात, हा आकडा. मोठ्या माणसाची ६/६ नजर म्हणजे अंशाला ३० जोड्या. नवजात बाळ एका जोडीच्या आसपास, म्हणजे ढोबळ मानाने ६/१८०. पहिल्या वर्षासाठी एक सोपा ठोकताळा वापरतात: बाळ जितक्या महिन्यांचे, अंशाला साधारण तितक्या जोड्या.

बोलता न येणाऱ्याला विचारायचे कसे

या पद्धतीचा पाया रॉबर्ट फँट्झ यांनी घातला. क्लीव्हलँडमध्ये त्यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस बाळांना एका खोकेवजा कक्षात उताणे झोपवून वर दोन चित्रे दाखवली आणि बाळाची नजर कोणत्या चित्रावर किती वेळ ठरते ते छिद्रातून टिपले. बाळाच्या बुबुळावर त्या चित्राचे प्रतिबिंब दिसते; ते बाहुलीच्या मधोमध आले की बाळ त्याच चित्राकडे पाहते आहे. साध्या करड्या पृष्ठभागापेक्षा बाळ नक्षीकडे अधिक वेळ पाहते हे त्यातून स्पष्ट झाले. यावरून नजर मोजता येते: एका बाजूला पट्ट्या, दुसऱ्या बाजूला तितकाच उजळ करडा. बाळाला पट्ट्या दिसत असतील तर ते तिकडे वळेल. पट्ट्या इतक्या बारीक असतील की त्याला त्या करड्याच भासतील, तर दोन्ही बाजू सारख्या.

पण ‘बाळ वळले’ हे कोण ठरवणार? पाहणाऱ्याला पट्ट्या कुठे आहेत ते माहीत असेल, तर बाळाची हलकीशी हालचालही त्याला होकारार्थी वाटते. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या डेव्हिडा टेलर यांनी १९७४ मध्ये सहकाऱ्यांसह यावर जो तोडगा काढला, तो या क्षेत्रातला सर्वांत मोलाचा विचार आहे असे म्हणायला हवे. निरीक्षकाला पट्ट्यांची बाजू माहीतच नसते. तो पडद्याआडून छिद्रातून फक्त बाळाचा चेहरा पाहतो आणि प्रत्येक वेळी त्याला उत्तर द्यावेच लागते: पट्ट्या डावीकडे की उजवीकडे? ‘सांगता येत नाही’ हे उत्तर चालत नाही. त्यासाठी तो नजर, मान, डोळे विस्फारणे, हुंकार, काहीही आधाराला घेऊ शकतो. अंदाजानेच उत्तरे दिली तर निम्मी बरोबर येतील. ७५ टक्के बरोबर येऊ लागली, तर ती माहिती बाळाकडूनच येत असणार, कारण निरीक्षकाला दुसरा कोणताच मार्ग नसतो. त्या जाडीला बाळाची सीमा मानतात.

पद्धत चोख, पण वेळखाऊ. एका जाडीच्या पट्ट्या वीसदा दाखवायच्या आणि पाच जाड्या तपासायच्या, तर शंभर वेळा दाखवणे आले. तान्हे बाळ तेवढे टिकत नाही. १९८० च्या दशकात टेलर आणि वेल्मा डॉब्सन यांच्या गटाने त्यावर कार्डांची पद्धत बसवली, आणि आज नेत्ररुग्णालयांत ‘टेलर कार्ड’ हेच नाव रूढ आहे.

कार्डांचा संच आणि चाचणीची रीत

मूळ संचात १७ कार्डे. प्रत्येक कार्ड २५.५ बाय ५५.५ सेंटिमीटर, करडे, मधोमध ४ मिलिमीटरचे छिद्र. पंधरा कार्डांवर एका बाजूला १२.५ सेंटिमीटरचा पट्ट्यांचा चौकोन, सेंटिमीटरला ०.३२ जोड्यांपासून ३८ जोड्यांपर्यंत. प्रत्येक दुसऱ्या कार्डाला पट्ट्या साधारण दुप्पट बारीक होतात. एक कार्ड अगदी क्षीण नजरेसाठी, ०.२३ जोड्यांचे, त्यावर चौकोन बराच मोठा. आणि एक कार्ड पूर्ण कोरे. हे कोरे कार्ड बरेच जण पेटीतच ठेवतात, ती चूक आहे. काहीच दिसत नसताना हे विशिष्ट बाळ कसे वागते ते त्यावरूनच कळते.

सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला कार्ड ३८ सेंटिमीटरवर धरतात, त्यापुढे तीन वर्षांपर्यंत ५५ वर. सेंटिमीटरमधल्या जोड्यांना ३८ सेंटिमीटरवर ०.६६ ने गुणले की अंशातल्या जोड्या मिळतात. म्हणजे १.६ चे कार्ड, ज्यावरची एकेक पट्टी सुमारे ३ मिलिमीटर रुंद असते, ते या अंतरावर अंशाला एका जोडीएवढे ठरते. नवजात बाळाची सीमा याच्या आसपास. ३८ च्या कार्डावर पट्टी साधारण ०.१३ मिलिमीटरची असते आणि मोठ्यांनाही ते हातभर अंतरावरून सपाट करडे वाटू लागते.

बाळ आईच्या किंवा मावशीच्या मांडीवर, समोर तोंड करून. दुसऱ्या डोळ्यावर चिकटपट्टी, कडा नीट दाबलेल्या. कोपऱ्यातून फट राहिली की बाळ चांगल्या डोळ्याने पाहते आणि आकडा खोटा चढतो. मांडीवर घेणारीने कार्डाकडे पाहायचे नाही. पट्ट्या दिसल्या की माणूस नकळत त्या बाजूला झुकतो आणि बाळही झुकते. परीक्षक कार्ड वर आणतो, छिद्रातून पाहतो, मग कार्ड १८० अंशांत फिरवून पुन्हा दाखवतो. पट्ट्यांची बाजू आपल्याला आधी कळू नये म्हणून कार्डे पालथी रचलेली असतात. जाड पट्ट्यांपासून सुरुवात करून एकेक कार्ड बारीक करत जायचे. जिथे बाळाचे वागणे कोऱ्या कार्डासारखे होते, त्याच्या आधीच्या कार्डाचा आकडा लिहायचा. सरावलेल्या हाताला एका डोळ्यासाठी काही मिनिटे पुरतात.

कुठे बिघडते

सर्वांत फसवा दोष कार्डातच असतो. पट्ट्यांच्या चौकोनाची सरासरी उजळता भोवतीच्या करड्याशी तंतोतंत जुळायला हवी. जरा जरी कमी-जास्त झाली, तर बाळाला पट्ट्या नव्हे, फिकट किंवा गडद चौकोन दिसतो. ते तिकडे वळते आणि परीक्षकाला वाटते की इतक्या बारीक पट्ट्या ओळखल्या. तपासण्याची युक्ती सोपी आहे: कार्ड इतके लांब ठेवा की तुम्हालाच पट्ट्या वेगळ्या दिसणार नाहीत. ६.५ च्या कार्डाला चार मीटर पुरतात. तिथून चौकोन करड्यात पूर्ण विरघळला पाहिजे. जरासा जरी ओळखू आला तर कार्ड बाद. तेलकट बोटांचे ठसे, कोपरे झिजणे, उन्हात पिवळे पडणे, एवढ्यानेही हेच होते; कार्ड कडेनेच धरायचे.

दुसरी गडबड अंतराची. बाळ पुढे झुकून ३८ ऐवजी ३० सेंटिमीटरवर आले, तर पट्ट्या सव्वापट जाड दिसतात. एका कार्डाच्या अंतरापेक्षा हे थोडे कमी, म्हणून सहज दुर्लक्षित होते. परीक्षकाने दोरी किंवा मोजपट्टीने अंतर पुन्हापुन्हा पाहावे. डोळ्याच्या अंदाजावर विसंबू नये.

लेन्सची ताकद हा या प्रकरणातला खास मुद्दा. नैसर्गिक भिंग नसलेला डोळा जवळ-लांब असा फोकस बदलू शकत नाही. लेन्स लांबच्यासाठी बसवलेली असेल, तर ३८ सेंटिमीटरवर २.६ डायऑप्टरची चूक राहते. म्हणून तान्ह्या बाळांना मुद्दाम दोन-तीन डायऑप्टर जास्तीची लेन्स देतात, बाळाचे जगही हातभरातच असते. ही काळजी न घेतल्यास पहिल्या दिवशी फारसा फरक कळत नाही, कारण जाड पट्ट्या पुसट होऊनही ओळखता येतात. महिन्याभराने बाळ बारीक पट्ट्यांपर्यंत पोचते तेव्हा मात्र लेन्सच त्याला अडवते, आणि ‘सुधारणा थांबली’ अशी चुकीची नोंद होते.

मोतीबिंदूच्या बाळांचे डोळे अनेकदा आडवे थरथरत असतात. अशा वेळी उभ्या पट्ट्या दृष्टिपटलावर एकमेकींत मिसळतात. कार्ड ९० अंशांत फिरवून पट्ट्या आडव्या केल्या की बाळ वर पाहते की खाली हे ओळखता येते, आणि आकडा पुष्कळदा सुधारतो. थरथर नोंदवहीत लिहिली पाहिजे, नाहीतर पुढच्या भेटीत दुसरा परीक्षक उभ्या पट्ट्या वापरतो आणि नजर घटली असे वाटते.

शिवाय प्रत्येक मोजणीला स्वतःचा डळमळीतपणा असतो. त्याच बाळाची त्याच दिवशी पुन्हा चाचणी केली तर उत्तर एक-दोन कार्डे इकडे-तिकडे होऊ शकते. म्हणून एका बाळाने एक कार्ड जास्त ओळखले यावरून काहीच सिद्ध होत नाही. २८ बाळांचा गट लागला तो यासाठीच.

काय आढळले

लेन्स लागल्यावर लगेच मोजले, तेव्हा या बाळांची नजर निरोगी नवजात बाळाहून चांगली नव्हती. एका आठवड्याच्या बाळाबाबत हे अपेक्षितच. पण कित्येक महिने वाढलेल्या बाळांबाबतही तेच. म्हणजे आकृती पाहिल्याशिवाय नुसत्या वयाने नजर पुढे सरकत नाही. आणि मग त्याच दिवशी, केवळ एक तास पाहून झाल्यावर पुन्हा मोजले, तेव्हा सुधारणा दिसू लागली होती. पुढच्या महिनाभरात ती आणखी वाढली.

एका तासात! या निष्कर्षावर लगेच शंका यायलाच हवी. दुसऱ्या खेपेला बाळ रुळलेले असेल; लेन्समुळे डोळ्याला पाणी येणे थांबले असेल; परीक्षकालाही दुसऱ्या खेपेला सुधारणा ‘हवी’ असेल. या शंका दूर करण्याचे मार्ग ठरलेले आहेत. दुसऱ्या चाचणीचा परीक्षक पहिल्या आकड्यापासून अनभिज्ञ ठेवायचा. त्याच वयाच्या निरोगी बाळांची तासाच्या अंतराने दोनदा चाचणी घ्यायची: नुसत्या सरावाने फरक पडत असेल तर त्यांच्यातही दिसेल. आणि सर्वांत नेमका मार्ग, लेन्स लावलेला डोळा तासभर झाकून ठेवायचा. त्या तासात बाळ तेवढेच मोठे होते, लेन्सही तेवढीच स्थिरावते, फक्त आकृती आत जात नाही.

सुधारणा कुठे घडते? जन्मतः दृष्टिपटलाच्या मध्यभागातल्या, बारकावे टिपणाऱ्या शंकुपेशी आखूड, जाड आणि विरळ असतात, आणि त्या दाट व्हायला काही वर्षे लागतात. एका तासात त्यांची रचना बदलू शकत नाही. म्हणून हा बदल पुढच्या वाटेवर, मेंदूच्या दृश्यभागातल्या जोडण्यांच्या कामकाजात झाला असावा, असे मानणे सयुक्तिक वाटते. मेंदूतली विद्युतलहर मोजणाऱ्या पद्धतीने निरोगी बाळाची नजर पाहिली तर एका महिन्यातच अंशाला सुमारे साडेचार जोड्यांचा संकेत मिळतो, म्हणजे पाहण्याच्या वागणुकीवरून येणाऱ्या आकड्यापेक्षा कितीतरी वर. डोळ्यातून माहिती मेंदूपर्यंत पोचते, पण बाळ तिच्यावर वागत नाही, असा याचा एक अर्थ. दोन पद्धतींचे आकडे एकाच तक्त्यात टाकू नयेत ते यामुळेच.

आणखी एक गोष्ट या अभ्यासात खरोखर चकित करणारी आहे. सुरुवातीच्या काळात एका डोळ्याचा मोतीबिंदू असलेल्या आणि दोन्ही डोळ्यांचा असलेल्या बाळांत काहीच फरक दिसला नाही. मांजराच्या पिल्लांत एकच डोळा बंद असणे अधिक घातक ठरते, कारण उघडा डोळा मेंदूतली जागा बळकावतो. बाळांतही पुढे जाऊन तेच होते. एका डोळ्याच्या रुग्णांना चांगला डोळा रोज झाकावा लागतो, नाहीतर उपचार झालेला डोळा मागे पडतो. अमेरिकेत बारा केंद्रांवर ११४ बाळांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत झाकण्याचे प्रमाण असे ठरवले होते: वयाच्या प्रत्येक महिन्याला रोज एक तास, आठ महिन्यांपर्यंत, त्यानंतर जागेपणाच्या वेळेच्या निम्मे. चार महिन्यांच्या बाळाला रोज चार तास. हे पाळणे घरच्यांना किती जड जाते याची कल्पना पट्टी उपटणारे बाळ सांभाळलेल्यांनाच असते, आणि नजर शेवटी त्यावरच अवलंबून राहते.

शस्त्रक्रियेच्या वेळेचाही ताळमेळ लागतो. एका डोळ्याच्या मोतीबिंदूसाठी साधारण सहा आठवड्यांच्या आत उपचार व्हावेत असे मानतात, पण पहिल्या चार आठवड्यांतच केल्यास पुढे काचबिंदूचा धोका वाढतो. निर्णयासाठी उरणारी खिडकी अगदी अरुंद. म्हणून जन्मानंतर लगेच मंद उजेडात दोन्ही बाहुल्यांतली लाल चमक पाहण्याची तपासणी महत्त्वाची. आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत जन्मजात मोतीबिंदू आहे. तो कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला होता. चमक पांढरी किंवा एकीकडे मंद दिसली, तर पुढच्या लसीकरणाची वाट पाहायची नसते.

कार्डांना न दिसणारे

पट्ट्यांची नजर चांगली आली म्हणजे सगळे ठीक, असे नाही. पट्ट्या ओळखणे अक्षरे ओळखण्यापेक्षा सोपे असते, त्यामुळे आळशी डोळ्याची (मेंदूने ज्याच्याकडे दुर्लक्ष केले तो मागे पडलेला डोळा) नजर कार्डांवर असते त्याहून बरी दिसते. त्याहून सूक्ष्म गोष्टी तर वर्षानुवर्षे कळतही नाहीत. मॉरर यांच्या गटाने, रिचर्ड ले ग्रँड आणि कॅथरीन माँडलॉक यांच्यासह, २००१ मध्ये ‘नेचर’मध्ये अशा १४ जणांची माहिती दिली. दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू त्यांना दोन ते सहा महिन्यांच्या वयात उपचार मिळेपर्यंत होते, आणि चाचणीवेळी त्यांनी नऊ वर्षे किंवा अधिक काळ पाहिलेले होते. दोन चेहऱ्यांतले डोळे किंवा ओठ वेगळे असले तर त्यांना फरक कळे. पण डोळे तेच, फक्त दोन डोळ्यांमधले किंवा नाक-तोंडातले अंतर बदललेले असेल, तर मात्र ते चुकत. चेहरा ओळखण्याची ही क्षमता निरोगी मुलांतही खूप उशिरा पक्की होते, तरी तिची जमीन पहिल्या काही महिन्यांतच तयार व्हावी लागते.

२००३ मध्ये याच गटाने एका डोळ्याच्या रुग्णांची तपासणी केली. तान्ह्या वयात प्रत्येक डोळ्याकडून माहिती मुख्यतः विरुद्ध बाजूच्या मेंदूकडे जाते. म्हणजे डावा डोळा मोतीबिंदूने झाकलेला असेल तर उजव्या मेंदूला काही मिळत नाही. ज्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता, ते चेहऱ्यातली अंतरे ओळखण्यात मागे पडले. ज्यांच्या उजव्या डोळ्यात होता, ते इतरांसारखेच होते. जन्मजात मोतीबिंदूच्या बाळाच्या नोंदीत कोणता डोळा, कोणत्या आठवड्यापर्यंत, आणि पहिली लेन्स कोणत्या दिवशी, या तीन गोष्टी शाळेच्या वयापर्यंत जपून ठेवायला हव्यात त्या यामुळे.